वसवशाला आजार म्हणणारे अबू जैद अल-बल्खी

बल्ख शहराजवळ शामिस्तियान नावाचं एक खेडं होतं. आज हा भाग अफगाणिस्तानात, मजार-ए-शरीफच्या जवळ येतो. मौलाना रूमींचं घराणं याच बल्खचं. रूमींच्या जन्माच्या साडेतीनशे वर्षं आधी, हिजरी २३५ म्हणजे इसवी सन ८५०च्या सुमारास, या खेड्यात एका शिक्षकाच्या घरी मुलगा झाला. वडील मूळचे सिजिस्तानचे, पोटासाठी इथे येऊन मुलांना शिकवणारे. मुलाचं नाव अहमद. पुढे जग त्यांना अबू जैद अल-बल्खी म्हणून ओळखू लागलं.

इब्ने सीना, अल-राझी, अल-बिरूनी ही नावं आपल्या मुलांना निदान ऐकून तरी माहीत असतात. उर्दू शाळेच्या भिंतीवर त्यांची चित्रंही असतात. अबू जैद यांचं चित्र मी कुठल्याच शाळेत पाहिलेलं नाही. पण या माणसाने एक असं काम करून ठेवलंय की त्याची गरज आज जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी घरांना आहे, आणि त्या घरांना ते माहीत नाही. ज्या घरात मुलगी वुजू करायला बसली की पाऊण तास उठत नाही, जिथे अब्बा रात्री चार-चार वेळा उठून गॅस आणि कडी तपासतात, जिथे सून तीच फरशी दिवसातून सहा वेळा धुते आणि तरी नापाक वाटते म्हणून रडते, त्या घरांबद्दल मी बोलते आहे. आपण त्याला वहम म्हणतो, वसवसा म्हणतो. डॉक्टर ओसीडी म्हणतात, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. मराठीत जुना शब्द आहे मंत्रचळ. अबू जैद यांनी अकराशे वर्षांपूर्वी यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि ते वैद्यकाच्या पुस्तकात घातलं.

आधी त्यांची जिंदगी पाहू.

वडिलांसारखंच अबू जैद यांनीही सुरुवातीला मुलांना शिकवण्याचं काम केलं. नंतर इल्मची ओढ लागली. तरुण वयात हज यात्रेकरूंच्या काफिल्याबरोबर ते इराककडे निघाले, तेही पायी. बल्ख ते बगदाद हे अंतर नकाशावर बघा म्हणजे कळेल. आपल्याकडे कुणी धुळ्याहून निघून पायी काबूल गाठायचं ठरवलं तर घरचे काय म्हणतील? इराकमध्ये ते आठ वर्षं राहिले. तिथे त्यांना अल-किंदी यांच्यासारखे उस्ताद मिळाले. अरबांमधले पहिले मोठे तत्त्वज्ञ म्हणून अल-किंदींचं नाव घेतलं जातं. औषधं, गणित, संगीत, नक्षत्रं, सगळ्यावर त्यांनी लिहिलं, आणि दुःख दूर कसं करावं यावरही एक छोटी पुस्तिका लिहिली. मनाच्या त्रासावर विचार करता येतो, त्याची कारणं शोधता येतात, ही गोष्ट शागिर्दाने बहुधा इथेच उचलली असावी.

आठ वर्षांनी अबू जैद हेरातच्या मार्गाने बल्खला परत आले. एवढं शिकल्यावर बगदादच्या दरबारात जागा मिळवता आली असती, पण ते गावाकडे आले. जुन्या चरित्रकारांनी त्यांचं वर्णन करून ठेवलंय: मध्यम उंची, सडपातळ, सावळा रंग, डोळे थोडे बाहेर आलेले, चेहऱ्यावर देवीचे व्रण. कमी बोलणारे, भारदस्त, थोडे लाजरे. मला हे वर्णन आवडतं. मोठ्या माणसांची वर्णनं बहुतेक वेळा नूरानी चेहऱ्यापाशीच थांबतात. इथे देवीचे व्रणसुद्धा नोंदवले गेले.

त्या काळी खुरासानवर बुखाऱ्याच्या सामानी घराण्याचं राज्य होतं. बल्खला अहमद इब्ने सहल नावाचा अमीर आला. त्याने अबू जैद यांना वजीर व्हायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. मग वजिरी त्यांचे दोस्त अबुल कासिम अल-काबी यांच्याकडे गेली आणि अबू जैद यांनी खालची, कातिबाची म्हणजे चिटणिसाची जागा घेतली. वजिराला महिना १००० दिरहम, कातिबाला ५००. इथे दोस्तीचा एक सुंदर किस्सा आहे. अबुल कासिम खजिनदाराला सांगून आपल्यातले १०० दिरहम अबू जैद यांच्याकडे वळवायचे. म्हणजे हातात ९०० आणि ६०० पडायचे. शिवाय झिजलेली, तुटकी नाणी स्वतःकडे घ्यायचे आणि चांगली नाणी दोस्ताकडे पाठवायचे. दोघांचे धार्मिक विचार सगळे जुळत होते असंही नाही. अबुल कासिम हे मुअतजिली पंथाचे नामवंत इमाम होते. आज आपल्याकडे दोन मसलकांचे लोक एका दस्तरखानावर बसायला कचरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्या कमाईतून अबू जैद यांनी आपल्या शामिस्तियान गावात जमीन घेतली. पुढे त्या अमिराने सामानी राजवटीशी बंड केलं आणि तो कैदेत मेला. वजिरी नाकारणाऱ्या माणसाचं शहाणपण तेव्हा लोकांना कळलं असेल.

बुखाऱ्याच्या अमिरानेही एकदा त्यांना बोलावलं होतं. वाटेत जैहून नदी, म्हणजे आजची अमू दर्या. अबू जैद काठापर्यंत गेले, पाण्याचा तो लोंढा, ते रुंद पात्र पाहिलं आणि तिथूनच चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीतला मतलब असा की, तुम्ही मला माझ्या अकलेसाठी बोलावलं आहे, आणि तीच अक्कल मला ही नदी ओलांडू देत नाही. आणि ते परत फिरले. दहाव्या शतकातले भूगोलकार अल-मुकद्दसी यांच्यामुळे हा किस्सा आपल्यापर्यंत पोहोचला. पावसाळ्यात तापीला पूर आल्यावर जुन्या नावाड्यांच्या भरवशावर नदी ओलांडायची वेळ आली असती तर मीही हेच केलं असतं. पण गंमत बघा, भीतीवर कसा इलाज करावा हे याच माणसाने लिहिलं आहे. भीती म्हणजे काय हे त्यांना फक्त किताबातून माहीत नव्हतं.

त्यांनी साठच्या आसपास ग्रंथ लिहिले असं सांगितलं जातं. त्यातले बहुतेक हरवले. नकाशांसह लिहिलेला त्यांचा भूगोलाचा ग्रंथ इतका महत्त्वाचा ठरला की अल-इस्तखरी आणि इब्ने हौकल हे भूगोलकार त्याच वाटेने गेले, आणि या सगळ्या नकाशाकारांना आज बल्खी परंपरा म्हणून ओळखलं जातं. म्हणजे अबू जैद यांचं नाव भूगोलवाल्यांना माहीत होतं, पण मनाच्या आजारांवरचं काम विसरलं गेलं. कुरआनच्या रचनेवरच्या त्यांच्या किताबाची आलिमांनी तारीफ केली. आणि त्याच माणसावर बेदीन असल्याचा आरोपही झाला. एक श्रीमंत आश्रयदाता त्यांना नेमाने पैसे द्यायचा. आयतींचा अर्थ लावण्याच्या पद्धतीवर त्यांनी किताब लिहिली, ती त्याला रुचली नाही, पैसे बंद. दुसरा वजीर नजराणे पाठवायचा, कुर्बानीवरची किताब आल्यावर त्याचेही नजराणे थांबले. अबू जैद लिहायचे थांबले नाहीत.

आता त्या किताबाकडे येऊ, जिच्यासाठी हा लेख आहे. तिचं नाव मसालिह अल-अब्दान वल-अनफुस. अर्थ साधा: शरीर आणि मन, दोघांची देखभाल. नावातच सगळं आलं. पहिला भाग शरीराचा, त्यात चौदा प्रकरणं: हवा, घर, पाणी, जेवण, झोप, हमाम, व्यायाम, मालिश, संगीतसुद्धा. दुसरा भाग मनाचा, त्यात आठ प्रकरणं. मनाच्या भागात ते आपल्याच काळच्या हकिमांवर नाराज दिसतात. त्यांचं म्हणणं असं की वैद्य लोक फसद काढतात, काढे देतात, पण मनाच्या दुखण्याकडे बघतच नाहीत. शरीराने एखादा माणूस आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो, पण राग, दुःख, भीती यांच्यापासून वाचलेला माणूस कुठे सापडणार? आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. शरीर दुखलं की मनाचा आनंद जातो, मन दुखलं की शरीर झुरतं.

एक सल्ला तर थेट आपल्या घरातला आहे. समजदार माणूस अडीअडचणीसाठी घरात काही दवा ठेवून असतो, तसंच मन ठीक असताना चांगले, धीर देणारे विचार साठवून ठेवावेत, म्हणजे मन बिघडेल तेव्हा ते हाताशी असतील, असं ते सांगतात. आपण कपाटात ताप-खोकल्याच्या गोळ्या ठेवतोच की.

मनाच्या त्रासाचे त्यांनी चार मोठे प्रकार केले: राग, भीती, दुःख आणि वसवसा. दुःखाचेही दोन भाग केले. एक, ज्याचं कारण माहीत आहे, जसं कुणी गेलं, नुकसान झालं. दुसरं, ज्याला काही कारणच सापडत नाही, माणूस उगाच खचत जातो. या दुसऱ्याची मुळं शरीरात असू शकतात, म्हणून इलाजही शरीराकडून सुरू व्हावा, असं त्यांचं मत. भीतीबद्दल त्यांनी लिहिलं की ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर मनाला पुन्हा पुन्हा नेलं की हळूहळू सवय होते आणि भीतीचा जोर कमी होतो. जैहूनच्या काठावरून परतलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे विसरू नका.

शेवटचं, आठवं प्रकरण वसवशाचं. ते सांगतात की मनाच्या सगळ्या त्रासांत हा फार छळणारा आहे. दुःखाला, रागाला बाहेर काहीतरी कारण असतं. इथे बाहेर काहीच नसतं, माणूस आतल्या आत स्वतःशीच बोलत राहतो आणि ते बोलणं त्याला नको असतं. जे घडलेलं नाही, घडण्याची शक्यताही नाही, अशा गोष्टींची धास्ती लागते, विशेषतः आपल्या शरीराला काही होईल याची. मग समोरचा काय बोलतोय तिकडे लक्ष राहत नाही, रोजची कामं खोळंबतात, खाण्यापिण्यात, दोस्तांमध्ये मजा उरत नाही. वर्गात असं मूल शिक्षकांनी पाहिलेलं असतं. एकच ओळ लिहितं, खोडतं, परत लिहितं, वहीच्या पानाला भोक पडेपर्यंत. आपण म्हणतो हळू आहे. ते हळू नसतं. त्याच्या डोक्यात कोण जाणे काय चाललेलं असतं.

वसवसा येतो कुठून? अबू जैद यांनी शैतानाचा वसवसा नाकारला नाही, ते मुसलमान आलिम होते. पण तिथेच थांबले नाहीत. काही लोकांच्या स्वभावातच, जन्मापासून, शरीराच्या घडणीमुळे हा त्रास असतो, असंही त्यांनी लिहिलं. त्या काळी शरीर चार रसांवर चालतं असं मानत, म्हणून ते पित्ताचा, सौदाचा हवाला देतात. तो खुलासा आज कुणी मानत नाही. पण मुद्दा पकडा. शरीरात कारण असेल तर तो गुनाह नाही, कमजोर ईमान नाही, तो आजार आहे, आणि आजारावर इलाज असतो. अल्लाहने प्रत्येक दुखण्याबरोबर त्याची दवा पैदा केली आहे, ही गोष्ट ते रुग्णाला आठवून द्यायला सांगतात.

आणि इलाज? बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी. बाहेरून म्हणजे, एकटं राहू नये, कारण एकांतात मन स्वतःलाच खातं. रिकामं बसू नये, कामात, दोस्तांत, हलाल मौजेत मन गुंतवावं. आतून म्हणजे, शांत असताना विचार करावा की ज्या गोष्टीची मला इतकी धास्ती वाटते ती बाकी कुणालाच कशी वाटत नाही? आजूबाजूचे शहाणे लोक ज्याला बिनबुडाचं म्हणतात, ते माझ्या मनाच्या दुखण्यातून आलेलं असणार. म्हणजे विचार आला तरी तो खरा मानायचा नाही.

काही लोक यावरून सांगतात की युरोपला जे विसाव्या शतकात सुचलं ते सगळं आपल्या बल्खींनी आधीच केलं होतं. एवढं ताणायची गरज नाही. अबू जैद यांच्याकडे आजची औषधं नव्हती, मेंदूबद्दलची माहिती नव्हती, आणि वसवशाच्या प्रकरणात त्यांनी हात धुण्याचा, तपासण्याचा तो चक्राकार खेळ आजच्या डॉक्टरांइतका उलगडून दाखवलेला नाही. युरोपात फ्रेंच डॉक्टर एस्किरोल यांनी १८३८मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, त्याच्या नऊशे वर्षं आधी एक मुसलमान आलिम याला वैद्यकात जागा देतो, हे जेवढं आहे तेवढं पुरेसं मोठं आहे.

आजचं वैद्यक हे चक्र असं सांगतं. नको असलेला विचार येतो: हात नापाक आहेत, कडी लागली नाही, नमाजमध्ये रकात चुकली, किंवा अल्लाहबद्दल काहीतरी भलतंच मनात आलं. त्याने जीव कासावीस होतो. तो कमी करायला माणूस काहीतरी करतो: धुतो, तपासतो, परत नीयत बांधतो, तौबा पुटपुटत राहतो. दोन मिनिटं बरं वाटतं. त्या बरं वाटण्यानेच मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि धुतल्यामुळे टळला. पुढच्या वेळी आणखी जोरात. शंभरात दोन-तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, आणि बऱ्याच जणांना तो विशीच्या आतच सुरू होतो. विषय माणसागणिक बदलतो. ज्याला जी गोष्ट सर्वात प्यारी, तिथेच वसवसा घुसतो. दीनदार घरात तो वुजू-नमाजमध्ये घुसणार, हे उघड आहे.

म्हणूनच घरचे फसतात. मुलगी तासभर वुजू करते तर पहिले काही महिने नानी-दादी खूश असतात की किती परहेजगार आहे. मग पाणी संपतं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, टाकी भरायची मारामार असते, तेव्हा घरात भांडणं सुरू होतात. मग कुणीतरी म्हणतं बाहेरचं आहे, आणि गाडी आमिलाकडे वळते. तावीज, पाणी फुंकून देणं, पैसे. दुआ करायला, आयतुल कुर्सी पढायला कुणाची ना नाही. पण दुआबरोबर डॉक्टर टाळला की वर्षं जातात. आणि रिश्त्याची भीती तर असतेच. मुलीला मानसोपचारवाल्याकडे नेलं हे मोहल्ल्यात कळलं तर कोण रिश्ता आणेल, म्हणून ती दहावीपासून लग्नापर्यंत गप्प सोसते, आणि लग्नानंतर सासरचे तोच नळ बघतात.

दीनने मात्र हा दरवाजा आधीच बंद केलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) साधारण एका मुद्द पाण्यात वुजू करायचे, म्हणजे पाऊण लिटरही नाही. फिकहचा कायदा आहे की यकीन शकने तुटत नाही: वुजू केलं हे माहीत असेल तर नुसत्या शंकेने ते जात नाही. सहाबांपैकी काही जणांनी प्रेषितांना (स.) सांगितलं की मनात असे विचार येतात जे तोंडाने उच्चारणंही त्यांना भारी वाटतं. त्या विचारांचा त्यांना इतका तिटकारा वाटतो, हीच ईमानची खूण आहे, असा दिलासा त्यांना मिळाला. इमाम इब्ने कुदामा यांनी तर अशा वसवसेवाल्यांवर वेगळी पुस्तिकाच लिहिली. म्हणजे जी मुलगी वुजू दहाव्यांदा करते ती जास्त दीनदार नाही. ती आजारी आहे, आणि दीन तिला दहाव्या वेळेची सक्ती करत नाही.

इलाजाची आजची मुख्य पद्धत १९६६मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने रुग्णांवर करून दाखवली. रुग्णाने ज्याची धास्ती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरची ती कृती करायची नाही. नळाला हात लावायचा आणि लगेच धुवायचा नाही. जीव घाबरतो, वर चढतो, आणि काही न करताही हळूहळू आपोआप खाली येतो. हे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, पायरी पायरीने करायचं असतं, अंगावर येऊन जबरदस्तीने नव्हे. वुजूसाठी एक लोटा पाणी मोजून घ्यायचं, एकदाच करायचं, शंका आली तरी मुसल्ल्यावर उभं राहायचं. भीतीबद्दल अबू जैद यांनी सांगितलेली ती सवयीची गोष्ट इथे आठवते. बरोबर गोळ्याही असतात. त्या नशेच्या नसतात, सवय लावत नाहीत. पण असर दिसायला आठ-बारा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद केल्या की आजार परत येतो. आपल्याकडे नेमकं इथेच बिघडतं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून लोक गोळ्या सोडून देतात.

एका बाबतीत आजचे डॉक्टर अबू जैद यांच्यापेक्षा पुढे गेलेत, आणि ती घरच्यांसाठी फार कामाची गोष्ट आहे. अबू जैद म्हणतात लोकांच्या मतावर भरवसा ठेव. ठीक. पण मूल दिवसातून पन्नास वेळा विचारतं, अम्मी, माझे हात पाक आहेत ना? आणि अम्मी पन्नास वेळा हो म्हणते, तर ते हो सुद्धा धुण्यासारखंच होऊन बसतं. त्याने आजाराला खुराक मिळतो. एकदा प्रेमाने उत्तर द्यावं, आणि पुढच्या वेळी सांगावं की बेटा, हा वसवसा विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही. मशिदीच्या इमाम साहेबांनाही हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण फोनवर तोच मसला रोज विचारणारा नमाजी बऱ्याचदा आजारी असतो. रागावणं, टोमणे, नळ बंद करणं याने मात्र काहीच होत नाही. मूल लपून धुवायला लागतं.

अबू जैद यांचं निधन हिजरी ३२२मध्ये, म्हणजे ९३४मध्ये झालं. चांद्र वर्षांनी वय ८७च्या आसपास. शरीर आणि मनाची ती किताब इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात हस्तलिखित रूपात पडून राहिली. १९८४मध्ये फ्रँकफर्टला फुआत सेझगिन यांनी त्या हस्तलिखिताची हुबेहूब प्रत छापली. नंतर सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनाच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २०१३मध्ये आलं. त्यानंतर २०१५मध्ये राणिया अवाद आणि सारा अली या दोन अभ्यासक महिलांनी वसवशाच्या प्रकरणाची आजच्या ओसीडीच्या लक्षणांशी तुलना करणारा लेख एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. हजार वर्षं कपाटात राहिलेली आठ प्रकरणं अशी डॉक्टरांच्या टेबलावर आली.

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नाव सांगायची लाज वाटत असेल तर आधी इथून सुरुवात करावी. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला आपण अजून सिव्हिलच म्हणतो, केसपेपर काढताना मानसोपचार विभाग सांगायचा. जाण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: वुजूला किती वेळ लागला, कडी किती वेळा तपासली, कोणता विचार आल्यावर, आणि घरच्यांना तोच प्रश्न किती वेळा विचारला. डॉक्टरांना लांबलचक कहाणीपेक्षा हे आकडे जास्त उपयोगी पडतात. आणि मुलीला नेत असाल तर तिला काही मिनिटं डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. अल्लाहबद्दल मनात येणारे विचार ती अम्मी-अब्बांसमोर कधीच सांगणार नाही.